गर्भावस्थेतील प्रतिकारसंस्था आणि ऋतुबदल

गर्भावस्थेत प्रतिकारसंस्थेत ऋतुमानानुसार होणारे बदल हा प्रतिकारशास्त्र, प्रसूतिशास्त्र आणि साथरोगशास्त्र या तीन शाखांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. गर्भवती स्त्रीची रोगप्रतिकार संस्था एकाच वेळी दोन कालचक्रांना अनुसरून बदलत असते. पहिले चक्र गर्भावस्थेचे असून ते गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंत सुमारे ३८ आठवडे चालते. दुसरे चक्र वर्षाचे असून त्यात तापमान, सूर्यप्रकाश, पाऊस, अन्नाची उपलब्धता आणि साथीचे रोग यांचा समावेश होतो. गर्भावस्थेचा कोणता टप्पा कोणत्या ऋतूत येतो, यावर मातेला असणारा संसर्गाचा धोका, गर्भाची वाढ आणि नवजात बालकाला मिळणारे संरक्षण काही प्रमाणात अवलंबून असते. गर्भवतींच्या लसीकरणाची वेळ ठरवताना या संबंधाला व्यावहारिक महत्त्व प्राप्त होते.

गर्भावस्था आणि प्रतिकारसंस्था

गर्भाची निम्मी जनुके पित्याकडून आलेली असतात. त्यामुळे प्रतिकारशास्त्राच्या दृष्टीने गर्भ हा मातेच्या शरीरात काही अंशी परका ठरतो. परक्या व्यक्तीच्या त्वचेचे किंवा मूत्रपिंडाचे रोपण केल्यास शरीर ते नाकारते. मग गर्भ नऊ महिने सुरक्षित कसा राहतो, हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये मांडला. त्यांनी त्याची तीन संभाव्य उत्तरे सुचवली होती : माता व गर्भ यांच्या ऊती एकमेकींपासून अलग राहत असाव्यात, गर्भाच्या पेशींवरील प्रतिजने अपरिपक्व असावीत, किंवा मातेची प्रतिकारसंस्था या काळात निष्क्रिय होत असावी. प्रतिकारसंस्थेच्या उपार्जित सहिष्णुतेवरील कार्यासाठी मेडावार आणि फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांना १९६० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढील संशोधनात यांपैकी कोणतेही उत्तर जसेच्या तसे टिकले नाही. गर्भाच्या बाजूने वार तयार करणाऱ्या ट्रोफोब्लास्ट पेशी गर्भाशयाच्या अस्तरात खोलवर शिरतात, म्हणजेच माता व गर्भ यांच्या पेशींचा प्रत्यक्ष संपर्क येतो. मात्र या पेशींवर एचएलए-ए आणि एचएलए-बी ही ऊतींची नेहमीची ओळखचिन्हे नसतात. त्याऐवजी अस्तरात शिरणाऱ्या पेशींवर एचएलए-जी, एचएलए-ई आणि एचएलए-सी ही चिन्हे आढळतात. गर्भावस्थेच्या सुरुवातीला गर्भाशयाच्या अस्तरातील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के पेशी ‘नैसर्गिक मारक पेशी’ या प्रकारच्या असतात. नावाप्रमाणे त्या गर्भाला मारत नाहीत. उलट गर्भाशयातील रक्तवाहिन्या रुंद होऊन वारेला पुरेसा रक्तपुरवठा व्हावा, या प्रक्रियेत त्या साहाय्य करतात. त्यांच्या जोडीला नियामक टी-पेशी असतात. पित्याकडून आलेल्या प्रतिजनांविरुद्ध होणारी प्रतिक्रिया आटोक्यात ठेवणे हे त्यांचे कार्य होय.

गर्भावस्थेत स्त्रीची प्रतिकारशक्ती सरसकट कमी होते, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो. काही प्रतिक्रिया मंदावतात, काही तीव्र होतात आणि काहींचे स्वरूप बदलते. संधिवाताभ आमवाताने पीडित असलेल्या अनेक स्त्रियांचा आजार गर्भावस्थेत सौम्य होतो आणि प्रसूतीनंतर पुन्हा उफाळतो, असे निरीक्षण अमेरिकन वैद्य फिलिप हेंच यांनी १९३८ मध्ये नोंदवले होते. याउलट ल्युपस या स्वयंप्रतिकार विकाराची लक्षणे काही स्त्रियांमध्ये गर्भावस्थेत वाढतात. दोन्ही आजार प्रतिकारसंस्थेच्या बिघाडातून उद्भवत असले, तरी त्यांच्यामागील यंत्रणा भिन्न असल्याने गर्भावस्थेचा त्यांवरील परिणामही भिन्न असतो.

गर्भावस्थेचे टप्पे

प्रतिकारसंस्थेच्या दृष्टीने गर्भावस्थेचे स्थूलमानाने तीन टप्पे मानले जातात.

पहिल्या टप्प्यात गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. ही प्रक्रिया एखादी जखम होऊन भरून येण्यासारखी असते आणि तिच्यासाठी मर्यादित स्वरूपाचा दाह आवश्यक असतो. 

दुसरा टप्पा गर्भाच्या जलद वाढीचा असतो. या काळात दाह शमवणाऱ्या प्रक्रियांचे प्राबल्य असते. प्रोजेस्टेरॉन, इस्ट्रोजेन आणि कॉर्टिसॉल या संप्रेरकांची वाढती पातळी त्यास कारणीभूत ठरते.

तिसरा टप्पा प्रसूतीचा होय. गर्भाशयाच्या स्नायूंमध्ये पांढऱ्या पेशी जमा होतात, दाहकारक रसायनांचे प्रमाण वाढते आणि त्यातून कळा सुरू होण्यास व वार सुटण्यास मदत होते. संसर्गामुळे किंवा अन्य कारणाने हा दाह वेळेआधीच सुरू झाल्यास अकाली प्रसूती होऊ शकते.

हे बदल किती नियमित असतात, हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. पूर्ण दिवस भरून प्रसूत झालेल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गर्भावस्थेत वेळोवेळी घेऊन त्यांतील विविध प्रतिकारपेशींची संख्या आणि सक्रियता मोजण्यात आली. केवळ या मापनांवरून गर्भावस्थेचा कालावधी पुष्कळ अचूकपणे सांगता येतो, असे दिसून आले. संशोधकांनी या क्रमबद्धतेला ‘प्रतिकारसंस्थेचे घड्याळ’ अशी संज्ञा दिली.

ऋतूंनुसार प्रतिकारसंस्थेतील बदल

प्राण्यांमध्ये ऋतूनुसार प्रतिकारशक्ती बदलते, हे पुष्कळ आधीपासून ज्ञात आहे. अनेक सस्तन प्राणी ठरावीक ऋतूतच प्रजनन करतात. दिवस लहान होत गेल्याची जाणीव त्यांच्या शरीराला मेलाटोनिन या संप्रेरकाद्वारे होते आणि त्यानुसार प्रजनन, चयापचय व प्रतिकारशक्ती यांमध्ये ऊर्जेची विभागणी बदलते. मनुष्य वर्षभर प्रजननक्षम असतो. त्यामुळे त्याच्यात असे ऋतुचक्र नसावे, असा समज दीर्घकाळ होता.

२०१५ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या समजाला धक्का दिला. त्यात निरनिराळ्या देशांतील व्यक्तींचे रक्तनमुने तपासण्यात आले. पांढऱ्या रक्तपेशींमधील चार हजारांहून अधिक प्रथिन-संकेतक जनुकांची सक्रियता ऋतूनुसार बदलत असल्याचे त्यात आढळले. युरोपात हिवाळ्यात दाहाला चालना देणाऱ्या जनुकांची सक्रियता वाढलेली होती. दक्षिण गोलार्धातील ऑस्ट्रेलियात ऋतू उलट असल्याने हा क्रमही उलटा दिसला. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या देशात थंडी-उन्हाळ्यापेक्षा पाऊस महत्त्वाचा ठरतो. तेथे जून ते ऑक्टोबर या पावसाळी महिन्यांत रक्तातील अनेक प्रतिकारपेशींची संख्या वाढलेली आढळली. हा काळ तेथे हिवतापासह अनेक संसर्गांचा असतो.

या अभ्यासावरून दोन बाबी स्पष्ट होतात. मानवी प्रतिकारसंस्था वर्षभर एकसारखी नसते, ही पहिली बाब होय. दुसरी बाब अशी की सर्व प्रदेशांना लागू होणारे एकच ऋतुचक्र नाही. समशीतोष्ण प्रदेशात हिवाळा आणि अल्प सूर्यप्रकाश, तर उष्ण कटिबंधात पाऊस, पाण्याची शुद्धता, डासांची पैदास आणि शेतीचा हंगाम हे घटक निर्णायक असतात.

भारतीय परंपरेत ऋतू आणि शरीरबल यांचा संबंध आयुर्वेदाने मांडला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ऋतुचर्येचे वर्णन असून त्यात वर्षा व ग्रीष्म ऋतूंत शरीरबल क्षीण असल्याचे म्हटले आहे, तर शारीरस्थानात गर्भिणीसाठी महिन्यानुसार आहारविहार सांगितला आहे. या वर्णनांची चौकट आधुनिक प्रतिकारशास्त्रापेक्षा वेगळी आहे.

दोन चक्रांची सांगड

गर्भावस्थेचा कालावधी वर्षापेक्षा कमी असल्याने प्रत्येक गर्भावस्थेत ऋतूंचा क्रम वेगळा जुळतो. महाराष्ट्रातील उदाहरण घेतल्यास, डिसेंबरच्या मध्यावर गर्भधारणा झाल्यास शेवटची तिमाही साधारणतः जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे जवळजवळ पूर्णपणे पावसाळ्यात येते. जूनच्या मध्यावर गर्भधारणा झाल्यास पहिली तिमाही पावसाळ्यात, तर शेवटची तिमाही हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर येते. पहिल्या तिमाहीत गर्भाचे अवयव आकार घेतात, मधल्या काळात वार व गर्भ यांची वाढ होते आणि शेवटच्या तिमाहीत गर्भाचे वजन वाढते व मातेकडून प्रतिपिंडांचा मोठा साठा बाळाकडे जातो. त्यामुळे एकाच ऋतूचा परिणाम या दोन गर्भावस्थांमध्ये सारखा असत नाही.

ऋतूचा प्रभाव मुख्यतः तीन मार्गांनी पडतो : ऋतुमानाशी निगडित संसर्ग, आहार व शारीरिक श्रम, आणि सूर्यप्रकाश.

ऋतुमानाशी निगडित संसर्ग

इन्फ्लुएंझा

इन्फ्लुएंझा गर्भवतींमध्ये अधिक गंभीर रूप धारण करू शकतो, हे १९१८ च्या महासाथीत लक्षात आले होते. २००९ च्या एच१एन१ महासाथीतही त्याचा प्रत्यय आला. अमेरिकेच्या लोकसंख्येत गर्भवतींचे प्रमाण सुमारे १ टक्का असताना त्या साथीतील नोंदवलेल्या मृत्यूंमध्ये त्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. भारतात या साथीतील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात नोंदवला गेला.

गर्भवतींमधील या गंभीरतेचे एक कारण शारीरिक आहे. वाढत्या गर्भाशयामुळे श्वासपटल वर ढकलले जाते, प्राणवायूची गरज वाढते आणि हृदयावरील भारही वाढतो. दुसरे कारण प्रतिकारसंस्थेशी संबंधित आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गर्भवतींच्या नैसर्गिक मारक पेशी आणि टी-पेशी यांनी इन्फ्लुएंझा विषाणूला गर्भवती नसलेल्या स्त्रियांच्या पेशींपेक्षा अधिक तीव्र प्रतिसाद दिल्याचे आढळले. म्हणजे फुप्फुसांना होणारी हानी प्रतिकार दुबळा पडल्यामुळेच नव्हे, तर अतिरिक्त दाहामुळेही होत असावी.

युरोप व उत्तर अमेरिकेत इन्फ्लुएंझा हा हिवाळ्याचा आजार आहे. भारतात तसे सर्वत्र दिसत नाही. श्रीनगरमध्ये त्याचा उच्चांक जानेवारी ते मार्च या थंडीच्या काळात येतो. परंतु पुणे, मुंबई, नागपूर, दिल्ली आणि कोलकाता यांसारख्या शहरांत तो पावसाळ्यात आढळतो. चेन्नई व वेल्लोर येथे तो ईशान्य मोसमी पावसाच्या सुमारास येतो. त्यामुळे देशाच्या बहुतांश भागात लस पावसाळ्यापूर्वी, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास देणे अधिक उपयुक्त ठरते, असे या अभ्यासांवरून सुचवले गेले आहे.

हिवताप

प्लाझमोडियम फॅल्सिपेरम या परजीवीमुळे होणारा हिवताप हे ऋतू आणि गर्भावस्था यांच्या परस्परसंबंधाचे ठळक उदाहरण आहे. या परजीवीने बाधित झालेल्या तांबड्या पेशींवर व्हीएआर२सीएसए नावाचे प्रथिन व्यक्त होऊ शकते. ते वारेतील कॉन्ड्रॉइटिन सल्फेट-ए या रेणूला चिकटते आणि बाधित पेशी वारेत साठून राहतात. परिणामी मातेला रक्तक्षय होतो, गर्भाला पोषण कमी पडते आणि बाळाचे वजन कमी भरते.

वार हा अवयव प्रथम गर्भावस्थेतच तयार होत असल्याने, बालपणापासून हिवतापाला तोंड देऊन काही प्रतिकारशक्ती मिळवलेल्या स्त्रीकडेही या विशिष्ट प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे नसतात. त्यामुळे हिवतापाचे प्रमाण जास्त असलेल्या प्रदेशांत पहिलटकरणीला धोका सर्वाधिक असतो आणि पुढील गर्भारपणांत तो कमी होत जातो. पाऊस आणि डासांची पैदास यांनुसार या धोक्याचे प्रमाण वर्षभरात बदलते. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात फॅल्सिपेरम हिवताप ही दीर्घकाळची समस्या आहे.

हिपॅटायटिस ई

दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळींपैकी हिपॅटायटिस ई गर्भवतींसाठी विशेष घातक आहे. अन्य रुग्णांमध्ये हा आजार बहुधा आपोआप बरा होतो. मात्र शेवटच्या तिमाहीत तो झाल्यास यकृत निकामी होण्याचा धोका मोठा असतो आणि मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत पोहोचू शकते. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पुरानंतर पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची मोठी साथ आली होती. साठवलेल्या नमुन्यांच्या तपासणीवरून ती हिपॅटायटिस ईची असल्याचे पुढे निश्चित झाले. काश्मीर खोऱ्यातील १९७८ च्या साथीतही गर्भवतींमध्ये आजाराचे प्रमाण आणि तीव्रता अधिक असल्याचे नोंदवले गेले. महाराष्ट्रात इचलकरंजी येथे २०१२ मध्ये या विषाणूची साथ पसरली होती.

गर्भवतींमधील तीव्रतेमागे संप्रेरकांची बदललेली पातळी, टी-पेशींच्या प्रतिसादातील फरक आणि कुपोषण ही कारणे मांडली जातात. अतिवृष्टी व पूर यांमुळे पाणीपुरवठा दूषित झाल्यास शेवटच्या तिमाहीतील स्त्रिया सर्वाधिक धोक्यात येतात. या आजारात शुद्ध पाणी हाच प्रतिबंधाचा मुख्य उपाय ठरतो.

आहार आणि श्रम

शेतीवर अवलंबून असलेल्या समाजांत अन्नाची उपलब्धता व शारीरिक कष्ट हे हंगामानुसार बदलतात. या विषयावरील सर्वाधिक सखोल अभ्यास गांबियातील केनेबा व त्याच्या परिसरातील खेड्यांत झाला आहे. तेथे १९४९ पासून जन्म-मृत्यूंच्या नोंदी ठेवण्यात आल्या आहेत. पावसाळ्यात जुने धान्य संपलेले असते, नवे पीक हाती आलेले नसते, शेतातील कामे जोरात असतात आणि हिवतापही याच काळात वाढतो. या काळाला तेथे ‘उपासमारीचा हंगाम’ म्हटले जाते.

१९९७ मध्ये या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. जुलै ते डिसेंबर या काळात जन्मलेल्या व्यक्ती बालपणी इतरांसारख्याच जगत होत्या. मात्र तारुण्यात त्यांचे मृत्यूचे प्रमाण जानेवारी ते जून या काळात जन्मलेल्यांपेक्षा कित्येक पटींनी अधिक होते. हे मृत्यू प्रामुख्याने संसर्गजन्य रोगांमुळे झाले होते. गर्भावस्थेतील प्रतिकूल ऋतूचा ठसा बाळाच्या प्रतिकारसंस्थेवर उमटून तो अनेक वर्षांनी प्रकट होत असावा, असा अर्थ त्यावरून काढण्यात आला.

त्यानंतरच्या अभ्यासांनी या शक्यतेचे काही दुवे पुढे आणले. टी-पेशी जेथे परिपक्व होतात ती थायमस ग्रंथी केनेबातील बालकांमध्ये उपासमारीच्या हंगामात आकाराने लहान आढळली. या ग्रंथीच्या वाढीस साहाय्य करणाऱ्या इंटरल्युकिन-७ या घटकाचे मातेच्या दुधातील प्रमाणही त्याच हंगामात कमी होते. गर्भधारणेच्या वेळच्या ऋतूनुसार बाळाच्या काही जनुकांवरील मिथाइल गटांची मांडणी बदलते, असेही आढळले. हा बदल जनुकांच्या मूळ क्रमात होत नाही, तर त्यांच्या सक्रियतेवर नियंत्रण ठेवणाऱ्या रासायनिक खुणांमध्ये होतो. अशा जनुकांपैकी व्हीटीआरएनए२-१ या जनुकाचा संबंध प्रतिकारसंस्थेशी आहे.

ऋतूचा हा परिणाम टाळता येण्याजोगा आहे, हेही गांबियातच दिसून आले. गर्भावस्थेच्या उत्तरार्धात स्त्रियांना शेंगदाणे घातलेली ऊर्जादायी बिस्किटे दररोज देण्यात आली. त्यामुळे बाळाच्या जन्मवजनात उपासमारीच्या हंगामात सरासरी २०१ ग्रॅम, तर सुगीच्या हंगामात ९४ ग्रॅम वाढ झाली. एकाच पूरक आहाराचा लाभ कठीण ऋतूत दुपटीहून अधिक होता.

महाराष्ट्रात पुण्याजवळील सहा खेड्यांमध्ये के.ई.एम. रुग्णालयाच्या पुढाकाराने १९९३ मध्ये ‘पुणे मातृपोषण अभ्यास’ सुरू झाला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांच्या या प्रकल्पात गर्भवतींचा आहार, शेतातील व घरातील कष्ट आणि बाळांची वाढ यांच्या तपशीलवार नोंदी घेण्यात आल्या. हिरव्या पालेभाज्या, दूध व फळे यांचे सेवन आणि बाळाचा जन्मावेळचा आकार यांत संबंध आढळला. तसेच मातेच्या आहारातील व श्रमातील हंगामी चढउतारांचा बाळाच्या आकाराशी संबंध असल्याचे दिसून आले.

सूर्यप्रकाश आणि ड जीवनसत्त्व

त्वचेवर सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे पडल्यावर ड जीवनसत्त्व तयार होते. अनेक प्रतिकारपेशींवर या जीवनसत्त्वाचे ग्राही असतात आणि दाह मर्यादित ठेवण्यात त्याचा सहभाग असतो. उच्च अक्षांशांवरील देशांत हिवाळ्याच्या अखेरीस रक्तातील त्याची पातळी सर्वांत कमी होते. गर्भ या जीवनसत्त्वासाठी पूर्णतः मातेवर अवलंबून असतो.

कॅनडा, ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडन येथील नोंदींच्या २००५ मधील एका विश्लेषणात मे महिन्यात जन्मलेल्यांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या स्वयंप्रतिकार विकाराचे प्रमाण किंचित अधिक, तर नोव्हेंबरमध्ये जन्मलेल्यांमध्ये कमी आढळले. लंडनमधील नवजात बालकांच्या नाळेतील रक्ताच्या २०१३ मधील अभ्यासात मेमध्ये जन्मलेल्यांमध्ये ड जीवनसत्त्व कमी आणि स्वतःच्या ऊतींविरुद्ध प्रतिक्रिया देऊ शकणाऱ्या टी-पेशी अधिक आढळल्या. मात्र मूळ लोकसंख्येतच निरनिराळ्या महिन्यांत आणि अक्षांशांवर जन्मांचे प्रमाण कमी-अधिक असते. हे लक्षात न घेतल्यास असा संबंध आभासी ठरू शकतो, अशी टीकाही झाली आहे.

भारतात वर्षभर भरपूर ऊन असूनही गर्भवतींमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. घरात किंवा कार्यालयात जाणारा दिवस, अंग झाकणारा पोशाख आणि हवेतील प्रदूषण यांमुळे त्वचेपर्यंत पोहोचणारे किरण कमी होतात. त्यामुळे केवळ ऋतूवरून एखाद्या व्यक्तीमधील या जीवनसत्त्वाच्या पातळीचा अंदाज बांधता येत नाही.

प्री-एक्लॅम्पसियाचे ऋतुमान

प्री-एक्लॅम्पसिया या विकारात गर्भावस्थेच्या उत्तरार्धात रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडे, यकृत व अन्य अवयवांवर परिणाम होतो. त्याचे मूळ बहुतांशी वारेच्या सदोष रुजण्यात असते आणि त्यात नैसर्गिक मारक पेशींचा सहभाग मानला जातो. नॉर्वेतील जन्मनोंदींनुसार ऑगस्टमध्ये प्रसूत होणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण सर्वांत कमी, तर डिसेंबरमध्ये सर्वांत अधिक होते. मुंबईतील एका अभ्यासात या विकाराच्या प्रमाणात ऋतूनुसार फरक आढळला नाही. मात्र झटके येण्याची एक्लॅम्पसिया ही गंभीर अवस्था पावसाळ्यात अधिक आढळली. तापमान, आर्द्रता, आहार आणि संसर्ग यांपैकी कोणता घटक त्यास कारणीभूत आहे, हे अशा नोंदींवरून ठरवता येत नाही.

मातेकडून बाळाला मिळणारे संरक्षण

नवजात बालकाची प्रतिकारसंस्था अननुभवी असते. पहिल्या काही महिन्यांत त्याचे संरक्षण मातेकडून मिळालेल्या आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडांवर अवलंबून असते. वारेतील एफसीआरएन हा ग्राही ही प्रतिपिंडे मातेच्या रक्तातून गर्भाकडे वाहून नेतो. ही वाहतूक साधारण तेराव्या आठवड्यापासून सुरू होते. मात्र तिचा मोठा भाग शेवटच्या तिमाहीत पार पडतो. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाच्या रक्तातील आयजीजीची पातळी मातेपेक्षाही अधिक असू शकते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हा साठा कमी मिळतो. जन्मानंतर स्तनपानातून मिळणारी आयजीए प्रकारची प्रतिपिंडे आतड्याच्या व श्वसनमार्गाच्या आतील आवरणाचे रक्षण करतात.

हा साठा मातेच्या अलीकडच्या संसर्गांचा आणि लसींचा आरसा असतो. त्यामुळे मातेला योग्य वेळी दिलेली लस दोन जिवांचे रक्षण करते. बांगलादेशात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गर्भवतींना इन्फ्लुएंझाची लस दिल्यावर त्यांच्या सहा महिन्यांखालील बालकांमध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या इन्फ्लुएंझाचे प्रमाण ६३ टक्क्यांनी घटले. सहा महिन्यांखालील बालकांना ही लस थेट देता येत नसल्याने या निष्कर्षाला विशेष महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २०१२ मध्ये हंगामी इन्फ्लुएंझाच्या लसीकरणात गर्भवतींना सर्वोच्च प्राधान्य देण्याची शिफारस केली.

गर्भावस्थेचे घड्याळ आणि ऋतूंची दिनदर्शिका एकत्र विचारात घेण्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण श्वसनमार्गाच्या आरएस विषाणूविरुद्धच्या लसीचे आहे. हा विषाणू तान्ह्या बालकांमध्ये फुप्फुसांचा गंभीर आजार निर्माण करतो. अमेरिकेत २०२३ मध्ये गर्भवतींसाठी मान्य झालेली लस गर्भावस्थेच्या ३२ ते ३६ आठवड्यांत, आणि त्या देशाच्या बहुतांश भागात केवळ सप्टेंबर ते जानेवारी या महिन्यांत देण्याची शिफारस आहे. प्रतिपिंडे तयार होऊन बाळापर्यंत पोहोचण्यास किमान दोन आठवडे लागतात आणि बाळाचे पहिले महिने विषाणूच्या हंगामात येतात, असे दोन्ही हिशेब या शिफारशीत एकत्र आले आहेत. डांग्या खोकल्याच्या लसीचा हंगामाशी असा संबंध नाही. ती अमेरिकेत प्रत्येक गर्भारपणात २७ ते ३६ आठवड्यांत देण्याची शिफारस आहे.

संशोधनातील मर्यादा

ऋतू आणि गर्भावस्था यांच्या संबंधाविषयीचे बहुतेक पुरावे निरीक्षणात्मक अभ्यासांतून आलेले आहेत. ऋतूबरोबर एकाच वेळी अनेक घटक बदलत असल्याने एखाद्या परिणामाचे श्रेय एकाच घटकाला देणे कठीण असते. कोणत्या महिन्यात कोणत्या कुटुंबांत गर्भधारणा होते, हेही लग्नसराई, स्थलांतर, रोजगार आणि आर्थिक स्थिती यांवर अवलंबून असते. त्यामुळे दोन ऋतूंत जन्मलेल्या बालकांमधील फरक सामाजिक कारणांमुळेही असू शकतो.

एका प्रदेशातील निष्कर्ष दुसऱ्या प्रदेशाला जसाच्या तसा लागू होत नाही. गांबियात दिसलेला जन्माचा ऋतू आणि तारुण्यातील मृत्यू यांचा संबंध ग्रामीण बांगलादेशातील तशाच स्वरूपाच्या अभ्यासात आढळला नाही. शिवाय ‘प्रतिकारसंस्थेचे घड्याळ’ आणि ऋतुचक्र यांचे अभ्यास मुख्यतः स्वतंत्रपणे झाले आहेत. एकाच स्त्रीच्या प्रतिकारपेशींचे निरनिराळ्या ऋतूंतील गर्भारपणांमध्ये मापन करणारे अभ्यास विरळ आहेत.

समूहाच्या पातळीवर आढळणारे हे फरक व्यक्तीच्या पातळीवर बहुधा लहान असतात. विशिष्ट महिन्यात गर्भधारणा झाल्याने एखाद्या बालकाचे आरोग्य निश्चित होत नाही. ऋतूमुळे वाढणारे बहुतेक धोके शुद्ध पाणी, पुरेसा आहार, कष्टाच्या कामातून विश्रांती, डासांपासून बचाव आणि वेळेवर लसीकरण यांद्वारे कमी करता येतात. कठीण हंगामात या सोयी गर्भवतींपर्यंत कितपत पोहोचतात, यावर ऋतूच्या परिणामाची तीव्रता मोठ्या प्रमाणात ठरते.